बाटली काळी पडते तेव्हा

नाशिकमध्ये कुणी ‘गोदावरीवर जाऊन येते’ असं म्हणत नाही. ‘गंगेवर जाऊन येते’ असंच म्हणतात. बुधवारचा बाजार गंगेवर भरतो, दशक्रिया विधी गंगेवर होतो, पाहुणे आले की त्यांना संध्याकाळी गंगेवर न्यायचं असतं. आमच्या सासूबाई लग्न होऊन या शहरात आल्या तेव्हापासून दर सोमवारी गंगेवर जातात. कपालेश्वराचं दर्शन, मग रामकुंडावर पाय धुणं, ओंजळभर पाणी घेऊन आधी डोळ्यांना लावणं आणि मग एक घोट. येताना कडीच्या छोट्या डब्यातून देवघरासाठी पाणी. गुडघे दुखायला लागल्यापासून रिक्षा करावी लागते, पण सोमवार चुकत नाही.

आणि त्याच सासूबाईंच्या घरात, ओट्याच्या कोपऱ्यात, एके दिवशी मी रामकुंडाच्या पाण्याची बाटली तपासायला ठेवली. ती कशी ठेवली आणि पुढे काय झालं, ते सांगायचं आहे.

सुरुवात झाली आमच्या भिशीत. सोसायटीतल्या आम्ही अकरा जणी. त्यात एक निवृत्त प्राध्यापिका आहेत, आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या. आम्ही सगळ्याच त्यांना ‘बाई’ म्हणतो. एका भिशीला बाई म्हणाल्या, “दर महिन्याला आपण साबुदाणा वडे खातो, साड्यांवर बोलतो आणि उठतो. एखादा रविवार माझ्याबरोबर गंगेवर चला. पाणी तपासू.” कुणीतरी विचारलं, “आपण? ते महापालिकेचं काम ना?” बाई म्हणाल्या, “दूध पातळ आलं तर तुम्ही महापालिकेची वाट बघता का? बोट बुडवून बघताच ना?”

सात जणी ‘हो’ म्हणाल्या. रविवारी सकाळी सात वाजता चौघी हजर होत्या. चारही जणी अजून टिकून आहेत, हे विशेष.

बाईंनी चार जागा ठरवल्या होत्या. सोमेश्वर, रामकुंड, तपोवनात कपिला संगमाच्या अलीकडे आणि शेवटची दसकचा घाट. म्हणजे गंगापूर धरणाकडून शहरात शिरणारी नदी, शहराच्या पोटातली नदी आणि शहरातून बाहेर पडणारी नदी. याच नदीवर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचीही ठरलेली ठिकाणं आहेत. गंगापूर धरण, सोमेश्वर, हनुमान घाट, रामकुंड, तपोवन, खाली सायखेडा, नांदूरमध्यमेश्वर अशा ठिकाणांहून नमुने घेतले जातात आणि आकडे मंडळाच्या संकेतस्थळावर येतात. “मग आपण कशाला?” हा प्रश्न मलाही पडला होता. बाईंचं उत्तर साधं होतं. सरकारी माणूस येतो, बाटली भरतो, जातो. आपण इथे राहतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी, पहिल्या पावसाच्या सकाळी, धरणाचं पाणी बंद असतं त्या मे महिन्यात काय होतं, ते आपल्याला दिसतं. शिवाय आकडा वाचणं वेगळं आणि आपल्या हातातल्या बाटलीत रंग बदलताना बघणं वेगळं.

हे दुसरं किती खरं आहे ते मला पहिल्याच रविवारी कळलं.

पाणी भरणं हेसुद्धा शिकावं लागतं, मैत्रिणींनो. काठावरचं साचलेलं, फुलं-द्रोण तरंगणारं पाणी घ्यायचं नाही. जिथे प्रवाह आहे तिथलं घ्यायचं. बाटली त्याच पाण्याने तीनदा खळबळून घ्यायची, तोंड प्रवाहाच्या दिशेला करून पाण्याखाली धरायची. (जंतूंची बाटली मात्र खळबळायची नाही, ती निर्जंतुक केलेलीच येते. पहिल्या दिवशी मी तीही धुऊन टाकली.) प्राणवायूच्या तपासणीची बाटली काठोकाठ भरायची, झाकणाखाली हवेचा एक बुडबुडाही राहता कामा नये. लोणच्याच्या बरणीत तेल वरपर्यंत येऊ देतो ना, तसं.

या प्राणवायूच्या तपासणीवर माझा सगळ्यात जास्त जीव जडला. माशांना पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो. उन्हाळ्याच्या तापमानात स्वच्छ नदीच्या एका लिटरमध्ये तो साधारण सात-आठ मिलिग्रॅम मावतो. माशांना चार तरी हवा, आणि माणसांनी आंघोळ करावी अशा नदीत किमान पाच हवा, असा आपल्याकडचा निकष आहे. तो मोजायची रीत हंगेरीच्या लायोश विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये शोधली आणि आजही तीच चालते. बाटलीत दोन औषधांचे थेंब टाकायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर चहाच्या रंगाचा साका धरतो. नसेल तर साका पांढराच राहतो, खळीसारखा. मग आम्ल घालायचं (हे काम बाईच करतात, हातमोजे घालून), पाणी पिवळं होतं, त्यात थेंबभर स्टार्च टाकला की गर्द निळं. आणि मग एक-एक थेंब मोजत ते निळेपण जाईपर्यंत तिसरं औषध घालायचं. जितके थेंब जास्त, तितका प्राणवायू जास्त.

सोमेश्वरच्या बाटलीत छान तपकिरी साका बसला. आम्ही टाळ्या वाजवल्या. रामकुंडाचा जरा फिका. तपोवनाच्या खालच्या बाटलीत पिवळट पांढरा, बघवेना असा. चौघीजणी घाटाच्या पायरीवर बसून तीन बाटल्या शेजारी-शेजारी ठेवून बघत होतो. कुणी काही बोललं नाही. तीच नदी. मध्ये अंतर किती, तर सायकलवर सहज जाता येईल एवढं.

बाईंनी एक बजावून ठेवलं आहे, तपासणी दर वेळी त्याच वेळेला करायची. पाण्यातलं शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री खातं. त्यामुळे दुपारी तीन वाजता पाणी तपासलं तर नदी पहिल्या वर्गात पास होते आणि पहाटे तपासलं तर तीच नापास. कुणाला नदी बरी दाखवायची असेल तर दुपारी जावं, असं बाई हसत म्हणाल्या. आम्ही सातच वाजता जातो.

दुसरी तपासणी जंतूंची, आणि घरात वादळ झालं ते हिच्यामुळे. ही बाटली लहान असते, आत थोडं औषध. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि एक-दोन दिवस उबेला ठेवायची. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर ते आत वाढतात, हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सोडतात आणि पाणी काळं पडतं. ही सोपी युक्ती आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांची, १९८२ साली प्रसिद्ध झालेली. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या के. एस. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पिण्याच्या पाण्यासाठी काढली. मोठं यंत्र नको, वीज नको. जगभरातल्या खेड्यांत ती वापरली गेली.

पण ऊब हवी! आमची पहिली खेप जानेवारीत होती. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहे. बाटल्या मी गॅलरीत ठेवल्या. दोन दिवस झाले, पाणी जसंच्या तसं. मी आनंदाने सगळ्या जणींना फोन केले, “गंगा स्वच्छ आहे गं!” सासूबाईंनी तर देवापुढे साखर ठेवली. संध्याकाळी बाई आल्या, बाटलीला हात लावला आणि कपाळाला हात लावला. “अगं, थंडीत विरजण तरी लागतं का? आणि हे जंतू वाढतील? दह्याचं भांडं जिथे ठेवतेस तिथे ठेव.”

दह्याचं भांडं आमच्याकडे थंडीत पिठाच्या डब्यात, दुलईत गुंडाळून असतं. तिथे ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही बाटल्या काळ्याकुट्ट.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर बाई रागावतील. नदीचं पाणी या बाटलीत काळं पडणारच. उघड्यावरची कुठलीही नदी घ्या, गुरं-ढोरं, पाखरं, माणसं, सगळ्यांचं काही ना काही तिच्यात येतंच. शिवाय विष्ठेतले नसलेले काही जंतूही ही बाटली काळी करू शकतात. म्हणून काळी बाटली म्हणजे ‘नदी मेली’ असं नाही. ती एवढंच सांगते की हे पाणी तोंडात घालू नका. किती वाईट आहे, हे कळायला प्रयोगशाळेतच जावं लागतं. आंघोळीच्या नदीत शंभर मिलिलिटर पाण्यात विष्ठेतले कॉलिफॉर्म जंतू पाचशेच्या आत असावेत, अगदी जास्तीत जास्त अडीच हजार, असा निकष आहे. पिण्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये.

सासूबाई देवपूजा आटपून ओट्याशी आल्या आणि चार काळ्या बाटल्या त्यांनी पाहिल्या. दुसऱ्या बाटलीवर मी स्केचपेनने ‘रामकुंड’ लिहिलं होतं. त्यांनी ते वाचलं. “हे काय आहे?” मी सांगितलं. जेवढं हळू सांगता येईल तेवढं. त्या म्हणाल्या, “साखर ठेवली होती मी.” एवढंच. आणि आत निघून गेल्या.

मला फार अपराधी वाटलं. नवरा म्हणाला, “कशाला या वयात त्यांच्या श्रद्धेला हात घालतेस? इतकी वर्षं पितायत, काही झालं का?” खरं तर दर पावसाळ्यात त्यांचं पोट बिघडतं आणि आम्ही हवेला दोष देतो. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

आमच्या शहराला नदी मोजायची सवय नवी नाही, गंमत ही आहे. दुतोंड्या मारुती आहे ना! पुराचं पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीशी आलं, यावर भांडी बाजार आणि सराफ बाजार आपापली दुकानं आवरायची वेळ ठरवतात. २००८ चा सप्टेंबर, २०१६ चा आणि २०१९ चा ऑगस्ट, सगळ्यांनी मारुतीकडे बघूनच पूर मोजला. धरणातून किती क्युसेक सोडले ते नंतर कळतं, मारुती आधी सांगतो. पाणी किती आहे हे सांगायला आपल्याकडे मारुती आहे. पाणी कसं आहे हे सांगणारं असं काही घाटावर नाही.

आणि डोळे फसवतात. पुराचं गढूळ, लाल पाणी बघून आपण नाक मुरडतो, पण त्यात प्राणवायू भरपूर असतो. फेब्रुवारीतलं नितळ, तळ दिसणारं पाणी बघून हात जोडतो, तेव्हा आमच्या बाटल्या वाईट बोलतात. पाण्याची नितळता मोजायला बाईंनी एक जुनी ताटली आणली आहे, काळी-पांढरी रंगवलेली, दोरी बांधलेली. पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. १८६५ साली आंजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूने पोपच्या जहाजावरून समुद्रात अशी तबकडी सोडली होती म्हणे. आमची ताटली रामकुंडात सोडली तेव्हा एका पुरोहित काकांनी विचारलं, “कसली पूजा आहे ताई?”

असं करणाऱ्या आम्ही काही पहिल्या नाही. न्यूयॉर्कच्या बंदरातलं पाणी तिथली महापालिका १९०९ पासून तपासते, तरी तिथले हौशी होडीवाले आणि किनाऱ्यावर राहणारे लोक उन्हाळाभर दर आठवड्याला बाटल्या भरून प्रयोगशाळेत नेऊन देतात, कारण सरकारी बोट बंदराच्या मध्यावरून पाणी घेते आणि पोरं खेळतात ती काठाला. जवळचं बघायचं तर पुण्याची ‘जीवितनदी’. २०१४ पासून मुळा-मुठेच्या काठांवर काम करणाऱ्या या संस्थेच्या संस्थापकांत शैलजा देशपांडे आणि अदिती देवधर या स्त्रिया आहेत. ‘दत्तक घेऊया किनारा’ हा त्यांचा उपक्रम. आपल्या घराजवळचा नदीचा एक तुकडा घ्यायचा, तिथे नेमाने जायचं, साफ करायचा, बघत राहायचं. नदीत जाणारं विष घरातूनच कमी करायचं, हेही त्यांचं सांगणं. ते मला पटलं, कारण तपोवनाजवळ तरंगणारा पांढरा फेस आपल्या वॉशिंग मशीनमधूनही निघालेला असतो. तेव्हापासून माझ्या रेशमी साड्या आणि देवाची वस्त्रं रिठ्याने धुते. सगळे कपडे रिठ्यावर निघतात असं मात्र मी म्हणणार नाही. मुलाचा फुटबॉलचा शर्ट निघत नाही.

आता नदी अशी का झाली ते थोडं. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची वस्ती १४ लाख ८६ हजार होती, आज ती नक्कीच वाढली आहे. एवढ्या माणसांचं पिण्याचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणातून येतं आणि वापरलेलं पाणी पुन्हा नदीकडेच निघतं. तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर इथे मलजल शुद्धीकरणाची केंद्रं आहेत. पण गटारातलं सगळं पाणी केंद्रापर्यंत पोहोचत नाही, काही नाल्यांतून थेट येतं. आणि केंद्रातून बाहेर पडतं ते तरी कसं? इथे ‘बीओडी’ नावाचा आकडा येतो. पाण्यातली घाण खाऊन संपवायला जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्याचा हा आकडा. घाण जास्त, तर आकडा जास्त. आंघोळीच्या नदीत तो लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत हवा. शुद्धीकरण केंद्रातून सोडायच्या पाण्याला मात्र आपल्याकडे वर्षानुवर्षं तीसपर्यंत चालत असे.

या अशा मर्यादांची मुळं इंग्लंडात आहेत. १९१२ मध्ये तिथल्या एका शाही आयोगाने वीसची मर्यादा घातली, ती या हिशोबावर की नदीत त्या पाण्याच्या निदान आठपट स्वच्छ पाणी वाहत असेल. इंग्लंडात बारा महिने पाऊस. आपल्या गंगेत मे महिन्यात आठपट काय, एकपट तरी असतं का? धरणाची दारं बंद, वरून येणारं काही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात तर रामकुंड कोरडं पडलं होतं, टँकरने पाणी आणून टाकावं लागलं. अशा नदीत केंद्राचं पाणी पडतं तेव्हा विरळ व्हायला जागाच नसते. केंद्रातून निघणारं पाणी दहाच्या आत आणा, असा आग्रह पुढे धरला गेला तो यामुळेच.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. ३५१ पट्टे. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, सगळ्या राज्यांत जास्त. आणि सोमेश्वर मंदिरापासून खालचा गोदावरीचा पट्टा त्यातल्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात वाईट गटात. मी ही यादी वाचली तेव्हा ‘सोमेश्वर’ या शब्दाशी थांबले. आम्ही जिथे टाळ्या वाजवल्या होत्या, तिथूनच आजार सुरू होतो, असं ती यादी सांगत होती. एका सकाळच्या एका बाटलीवर विश्वास किती ठेवायचा, हेही त्या दिवशी शिकले.

शहरातली माणसं गप्प बसली असंही नाही. २०१२ मध्ये नाशिकच्या काही नागरिकांनी गोदावरीसाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेला अभ्यास करायला लावला, घाटावर कपडे आणि गाड्या धुण्यावर बंदी आली. २००३ च्या सिंहस्थासाठी नदीतल्या जुन्या कुंडांच्या तळाला काँक्रीट घातलं गेलं होतं, तळाचे झरे त्याखाली बंद झाले, त्यावरही काही जण न्यायालयात गेले आणि काही काँक्रीट पुढे निघालं. रामकुंडाची डागडुजी एकेकाळी गोपिकाबाईंनी, थोरल्या माधवरावांच्या आईने करवली होती. तिने दगडाचं बांधलं, तळ नदीला ठेवला.

२०२७ मध्ये पुन्हा सिंहस्थ आहे. लाखो माणसं याच कुंडात डुबकी मारतील, त्यातल्या कितीतरी जणी सासूबाईंसारखी ओंजळ तोंडाला लावतील. २०२५ मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात, तिथल्या पाण्यात विष्ठेतले जंतू मर्यादेपेक्षा जास्त असल्याचं केंद्रीय मंडळाने हरित न्यायाधिकरणाला कळवलं, राज्य सरकारने ते मानलं नाही, आणि भाविक बिचारे दोन्ही बातम्या वाचत स्नानं करत राहिले. नाशिकला असं होऊ नये एवढं वाटतं. घाटावर आजचा आकडा मोठ्या अक्षरात मराठीतून लिहिलेला फळा लावायला काय हरकत आहे? सोन्याचा भाव लावतात की सराफ बाजारात.

बाईंच्या ओळखीने आम्ही एकदा त्र्यंबक तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो होतो. तिथे आमचीच पेटी, पण जरा मोठी, एका आशाताईच्या घरात फळीवर दिसली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायला शिकवायचं ठरलं, त्यातली ती एक. आम्ही शहरातल्या चौघी मोठ्या ऐटीत गेलो होतो. ती क्लोरिन, नायट्रेट, फ्लोराइड भराभरा सांगत होती. नायट्रेट पंचेचाळीसच्या वर गेलं तर तान्ह्या बाळाला ते पाणी द्यायचं नाही, हे तिने मला शिकवलं. ग्रामपंचायतीला मिळणारी लाल, पिवळी, हिरवी कार्डं तिला तोंडपाठ. “गेल्या खेपेला आमच्या विहिरीची बाटली काळी झाली,” ती म्हणाली, “सरपंचाच्या टेबलावर नेऊन ठेवली. कागद दिला असता तर फाइलीत गेला असता. बाटलीला वास येतो ना!” विहिरीत त्याच दिवशी टीसीएल पडली. नळातून येणाऱ्या पाण्यात ओटीचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे ती आता रोज बघते.

परत येताना गाडीत बाई म्हणाल्या, “आपल्या बाटल्या आपण कुणाच्या टेबलावर ठेवल्या?” आम्ही गप्प. आता दर महिन्याची वही करतो, फोटोंसह, आणि नगरसेवकापासून मंडळाच्या कार्यालयापर्यंत पोहोचवतो. पोच घेतो. एकदा एका साहेबांनी “मॅडम, तुमचं किट प्रमाणित आहे का?” असं विचारलं. प्रश्न रास्तच होता. बाई म्हणाल्या, “नाही. म्हणूनच तुम्ही तुमचं घेऊन या, शेजारी उभं राहून भरू.” ते अजून आलेले नाहीत.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. काळ्या बाटलीनंतरच्या सोमवारी त्या नेहमीसारख्या निघाल्या. मी रिक्षापर्यंत सोडायला गेले, बोलले नाही. परत आल्या, कडीचा डबा देवघरात ठेवला. दोन-तीन सोमवार गेल्यावर एकदा मीच बरोबर गेले. त्यांनी पाय धुतले, ओंजळ भरली, डोळ्यांना लावली. क्षणभर थांबल्या आणि पाणी हळूच नदीत सोडलं. माझ्याकडे बघितलं नाही. मीही मारुतीकडे बघत राहिले.

एकदा त्यांनी विचारलं, “तांब्याच्या गडूतलं गंगाजल?” मी बाईंना विचारून सांगितलं की तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले पोट बिघडवणारे जंतू मरतात, हे शास्त्रज्ञांनी प्रयोग करून बघितलं आहे, पण साबण, रसायनं तांब्याने जात नाहीत. “म्हणजे देवाला चालेल, आपल्याला नको,” त्यांनी निकाल लावला.

सासूबाईंचं माहेर सायखेड्याच्या बाजूचं, नदीकाठचं. नाशिकमधून निघालेलं पाणी तिथूनच पुढे जातं. नांदूरमध्यमेश्वर, मग जायकवाडी. लहानपणी त्या वाळूत झिरा करून वाटीने पाणी भरायच्या, ते कापडाने गाळलं की झालं. आता मामांच्या घरी विहीर आहे, नदीपासून हाकेच्या अंतरावर. भाऊबीजेला जायची तयारी चालली होती. करंज्यांचा डबा, मामांना टॉवेल-टोपी. पिशवी भरता भरता म्हणाल्या, “तुझी ती एक बाटली दे. नवी, औषधाची. दादाच्या विहिरीचं बघते.”

मी बाटली दिली, कशी भरायची ते सांगितलं. “धुवायची नाही, मला माहिती आहे,” त्या म्हणाल्या.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. रात्री बाटली लुगड्याच्या चौघडीत गुंडाळून उशाशी घेऊन झोपल्या होत्या. पहाटे बघितलं तर राखाडी, आता पार काळी. मामा आधी हसत होते, मग त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि हसायचे थांबले. घरात नातसुनेला सातवा महिना चालू आहे.

“भाच्याला ग्रामसेवकाकडे पाठवलंय, टीसीएल आणायला,” सासूबाई म्हणाल्या. “तोवर पाणी उकळून घेताहेत. आणि ऐक, शेजारच्या दोन घरांनी विचारलंय. अजून बाटल्या आहेत का तुझ्याकडे?”